जिनेव्हातील वकील



ज्या सत्शील शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी भरते ते इतिहास शिकवीत असत, आणि एखादा तह वर्गात शिकविण्याची वेळ आली म्हणजे त्याची कलमे मुलांकडून घोकून घेण्यापेक्षा त्याचा मसुदा कोणी लिहिला आणि सही करणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय चालले असेल हे विचारण्यावर त्यांचा कटाक्ष असे, असे त्यांचे विद्यार्थी, जे आता स्वतः पेन्शनीत निघालेले आहेत, अजून सांगतात. त्यांच्या स्मृतीस साजेसा विषय कोणता, याचा विचार करताना मला एका न झालेल्या सहीची आठवण झाली. आणि ती सही करण्यास ज्यांनी आपल्या सरकारच्या वतीने भर सभेत नकार दिला त्या अरुंधती घोष यांच्या कारकिर्दीविषयी मी आज बोलणार आहे.

परराष्ट्राच्या दरबारी राहून धन्याचा जाबसाल करणाऱ्या मनुष्यास आपल्याकडे पूर्वी 'वकील' म्हणत. कोर्टकचेऱ्या आल्या, काळा डगला आला, आणि त्या शब्दाचा हा मूळ अर्थ मागे पडला. तथापि पेशव्यांचे दिल्लीतील हिंगणे किंवा निजामाच्या दरबारातील गोविंदराव काळे हे ज्या अर्थाने वकील होते त्याच अर्थाने अरुंधतीबाई १९९५ ते १९९७ या काळात जिनेव्हा येथे भारताच्या वकील होत्या. वकिलाचे काम दुहेरी असते. धन्याचा निरोप जसाच्या तसा पोचविणे हा त्याचा अर्धा भाग झाला, आणि तो कोणत्याही शहाण्या हरकाऱ्यास साधतो. परंतु समोरचा दरबार मनात काय योजीत आहे ते ओळखून धन्यास वेळीच कळविणे, आणि धन्याचे मन द्विधा झाले असता त्याला निर्णयाप्रत आणणे, हा जो उरलेला अर्धा भाग त्यालाच मुत्सद्देगिरी असे नाव आहे.

अरुंधतीबाईंचा जन्म १९३९ चा. घराणे बंगाली; भाऊ भास्कर घोष सनदी नोकरीत आणि पुढे दूरदर्शनच्या प्रमुखपदी, बहीण रुमा पाल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश. पण बालपण मुंबईत गेले, शाळा मुंबईतलीच. त्यानंतर कलकत्त्याचे लेडी ब्रेबोर्न कॉलेज आणि शांतिनिकेतन. १९६३ साली त्या परराष्ट्रसेवेत दाखल झाल्या. त्या काळी या सेवेतील स्त्री अधिकाऱ्यास लग्न करावयाचे तर सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे, आणि संसारामुळे कामात व्यत्यय येतो असे सरकारास वाटल्यास तिला राजीनामा देण्यास सांगता येई, असा कायदेशीर शिरस्ता होता. पुरुष अधिकाऱ्यांच्या संसाराविषयी सरकारास अशी चिंता कधी पडली नव्हती. सी. बी. मुथम्मा या पहिल्या महिला परराष्ट्र अधिकाऱ्याने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आपल्या निकालपत्रात या नियमांचा खरपूस समाचार घेतला, तेव्हा कोठे सरकारचे डोळे उघडले. अरुंधतीबाईंच्या नोकरीची पहिली सोळा वर्षे या शिरस्त्याखाली गेली, एवढे ध्यानात ठेवून आपण पुढे जाऊ.

व्हिएन्ना, हेग, न्यूयॉर्क या नेमणुकांचा पाढा मी वाचीत नाही. १९७१ चे वर्ष मात्र वगळता येत नाही. त्या वर्षी बांगलादेशाचे निर्वासित सरकार कलकत्त्यात थिएटर रोडवरील आठ क्रमांकाच्या इमारतीत बसून आपला कारभार हाकीत होते, आणि त्या सरकारशी भारताचा संपर्क राखण्याच्या कामावर अरुंधतीबाईंची नेमणूक झाली होती. ज्या राज्यास अजून कोणी मान्यता दिलेली नाही, ज्याची भूमी शत्रूच्या हाती आहे आणि ज्याचे मंत्री दुसऱ्याच्या गावात पाहुणे आहेत, त्याच्याशी राज्य समजून व्यवहार करावयाचा ही तारेवरची कसरत असते, आणि ती पुस्तकांत शिकविलेली नसते. पुढे डाक्का येथेही त्यांनी काम केले. सेऊल आणि कैरो येथे राजदूतपद भूषविले. पॅरिसला युनेस्कोत भारताचे प्रतिनिधित्व केले. शस्त्रास्त्रे आणि निःशस्त्रीकरण हा त्यांचा विषय नव्हता. छप्पनाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्या जिनेव्हास आल्या त्या एका अर्थी नवशिक्याच होत्या, आणि माझ्या मते ही गोष्ट भारताच्या पथ्यावर पडली. कारण त्या विषयात मुरलेल्या मंडळींना जे कलम अपरिहार्य वाटू लागले होते ते नव्या डोळ्यांना जसे होते तसे दिसले.

आता मूळ प्रकरणाकडे वळू. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटावर प्रचंड हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिची राख दूरवर मासेमारी करणाऱ्या जपानी कोळ्यांच्या अंगावर पडली, आणि पुढच्याच महिन्यात, २ एप्रिलला, पंडित नेहरूंनी लोकसभेत अशी सूचना मांडली की, पूर्ण निःशस्त्रीकरण होईल तेव्हा होवो, निदान या चाचण्या तरी जागच्या जागी थांबवाव्यात. अणुचाचणीबंदीची मागणी करणारा हा आरंभीचाच आवाज होय. १९६३ साली हवेत, पाण्यात आणि अंतराळात चाचण्या करू नयेत असा अर्धा करार झाला आणि भारताने त्यावर विनाविलंब सही केली. भूमीखालील चाचण्या तशाच राहिल्या. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर मात्र भारताने सही केली नाही, कारण त्याने जगाचे दोन भाग पाडले: ज्यांच्यापाशी अण्वस्त्रे होती त्यांना ती ठेवण्याची सनद, आणि ज्यांच्यापाशी नव्हती त्यांना कायमची मनाई. १९८८ साली राजीव गांधींनी राष्ट्रसंघाच्या आमसभेपुढे २०१० पर्यंत सर्व अण्वस्त्रे नष्ट करण्याचा कालबद्ध कार्यक्रम ठेवला. तो आदरपूर्वक ऐकून घेण्यात आला आणि आदरपूर्वकच बाजूस ठेवण्यात आला.

१९९३ साली सर्वंकष चाचणीबंदीच्या ठरावाचे भारत आणि अमेरिका सहपुरस्कर्ते झाले आणि जानेवारी १९९४ मध्ये जिनेव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीचे नेहरूंचे बोलणे आता फळास येणार असे पुष्कळांना वाटले असेल. पण मे १९९५ मध्ये प्रसारबंदी करार अनिश्चित काळासाठी वाढविण्यात आला, म्हणजे तात्पुरती म्हणून दिलेली सनद वंशपरंपरेची झाली. आणि त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी चीनने अणुचाचणी केली. सप्टेंबरात फ्रान्सने दक्षिण प्रशांत महासागरात चाचण्यांची मालिका आरंभिली ती जानेवारीपर्यंत चालली. वाटाघाटीच्या मेजावर बसलेली राष्ट्रे मेजाखाली आपापली राहिलेली कामे उरकून घेत होती. मसुद्यात जी बंदी होती ती केवळ स्फोट करण्यावर. ज्यांनी शेकड्यांनी स्फोट करून माहिती गोळा केली होती त्यांना प्रयोगशाळेत, गणकयंत्रावर, स्फोटापर्यंत न पोचणाऱ्या प्रयोगांनी, अस्त्रे सुधारीत राहण्यास कोणतीही आडकाठी नव्हती. पोट भरलेल्या माणसांनी पंगत उठविण्याचा हुकूम काढावा, तशातला हा प्रकार होता.

येथे मला संस्कृतातील एका न्यायाची आठवण होते, आणि त्यात या बाईंचे नावच गुंफलेले आहे हा योगायोग. लग्नात वधूला अरुंधतीचे दर्शन घडवितात. ती तारका सप्तर्षींत वसिष्ठाजवळ, पण इतकी अंधुक की नवख्या डोळ्याला एकदम सापडू नये. म्हणून प्रथम जवळचा ठळक तारा दाखवून 'हीच अरुंधती' असे सांगतात, आणि नजर तेथे ठरली की मग तो तारा सोडून खऱ्या तारकेकडे बोट नेतात. याला स्थूलारुंधती न्याय म्हणतात. भारताचे अणुविषयक धोरण चाळीस वर्षे या न्यायाने चालत आले होते. ठळक तारा होता जगाचे निःशस्त्रीकरण, आणि तो खोटा नव्हता. पण त्याच्या शेजारी एक अंधुक तारका होती, ती म्हणजे आपल्या स्वतःच्या सीमांची चिंता, आणि तिच्याकडे बोट दाखविण्यास आपले वकील संकोच करीत. १९६४ साली चीनने पहिला अणुबॉम्ब उडविला त्या दिवसापासून ती तारका तेथे होती. डिसेंबर १९९५ मध्ये पोखरणला चाललेली अणुचाचणीची तयारी अमेरिकी उपग्रहांनी टिपली, त्याचा बोभाटा झाला आणि नरसिंह रावांनी ती थांबविली, तेव्हा ती तारका जगालाही दिसली. फक्त आपणच ती दिसत नसल्यासारखे बोलत राहिलो होतो.

१९९६ च्या उन्हाळ्यात दिल्लीत एका महिन्यात तीन पंतप्रधान झाले. मेच्या मध्यास राव गेले, वाजपेयी आले, तेरा दिवसांनी तेही गेले, आणि १ जूनला देवेगौडांचे सरकार अधिकारारूढ झाले; परराष्ट्रखाते इंद्रकुमार गुजराल यांच्याकडे आले. धनी असे बदलत असता दूरच्या दरबारातील वकिलाने पाय रोवून उभे राहावे हे सोपे नव्हे. तरीही या एका प्रश्नावर तिन्ही सरकारांचे धोरण बदलले नाही, आणि त्याचे काही श्रेय जिनेव्हाहून येणाऱ्या स्पष्ट खलित्यांना असले पाहिजे असे मी मानतो. ८ जूनला चीनने आणखी एक चाचणी केली.

निःशस्त्रीकरण परिषद जेथे भरते ते दालन जुन्या राष्ट्रसंघाच्या राजवाड्यासारख्या इमारतीत आहे. स्पेनच्या होझे मारिया सर्त या चित्रकाराने त्याच्या भिंती आणि छत रंगविलेले आहेत; छतावर पाच प्रचंड हात एकमेकांत गुंफलेले आहेत, आणि ते पाच खंडांच्या ऐक्याचे प्रतीक आहेत असे सांगतात. १९९६ साली त्या छताखाली बसलेल्या माणसास ते हात पाच अण्वस्त्रधारी राष्ट्रांचे वाटले असते तर त्याला कोणी दोष दिला नसता. त्याच दालनात २० जून रोजी अरुंधतीबाईंनी जाहीर केले की, आहे त्या स्वरूपात हा करार भारत स्वीकारू शकत नाही. आणि कारण देताना त्यांनी निःशस्त्रीकरणाच्या तत्त्वाबरोबरच भारताच्या राष्ट्रीय सुरक्षिततेचा स्पष्ट उच्चार केला. आपल्या शेजारी इतर देश अण्वस्त्रे राखून आहेत तोवर आपणही आपला पर्याय खुला ठेवणार, हे त्या सांगून मोकळ्या झाल्या. बोट अंधुक तारकेवर स्थिर झाले. भारताने करारासाठी देऊ केलेली देखरेख केंद्रेही यादीतून काढून घेण्यात आली. माझ्या दृष्टीने त्यांच्या चौतीस वर्षांच्या चाकरीतील सर्वांत महत्त्वाचा दिवस हा होय, पुढचे गाजलेले दिवस नव्हेत.

एखादे राष्ट्र 'आम्ही यात नाही' असे म्हणाले तर त्याला वगळून पुढे जावे ही साधी रीत. पण आठवड्याभरात परिषदेच्या समितीचे अध्यक्ष, हॉलंडचे याप रामाकर, यांचा जो सुधारित मसुदा आला त्याच्या चौदाव्या कलमाने नेमके उलटे केले. परिशिष्टात ४४ राष्ट्रांची नावे घातली गेली आणि त्या प्रत्येकाने मान्यता दिल्यावाचून करार अमलात येणार नाही असे ठरले. ही नावे निवडण्याची कसोटी मोठी चतुर होती: जी राष्ट्रे परिषदेत भाग घेत आहेत आणि ज्यांच्याकडे अणुभट्टी आहे, मग ती वीज निर्माण करणारी असो की नुसती संशोधनाची, ती सर्व यादीत. १९५६ साली तुर्भ्याला 'अप्सरा' भट्टी सुरू झाली, आशियातील पहिली म्हणून आपण तिचे कौतुक केले, आणि १९६९ मध्ये तारापूरने वीज दिली. चाळीस वर्षांनी तीच आपली प्रगती आपल्याला बांधण्याच्या दोरखंडात विणली गेली. या कलमाचा आग्रह ब्रिटन, रशिया आणि चीन यांचा होता. भारत, पाकिस्तान आणि इस्रायल यांना करारात ओढल्यावाचून आपले हात बांधून घेण्यास ती राष्ट्रे तयार नव्हती. सार्वभौम राष्ट्रावर त्याच्या संमतीवाचून कोणतीही जबाबदारी लादता येत नाही, हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे अगदी प्राथमिक सूत्र आहे. ते पुढे करून भारताने सांगितले की, आम्हाला वगळा, आम्ही तुमच्या वाटेत येत नाही. वगळण्यास कोणी तयार झाले नाही. मसुदा उघडून दुरुस्ती केली तर सारेच विसकटेल, अशी भीती घालण्यात आली.

परिषदेत प्रत्येक निर्णय एकमताने व्हावा लागतो, आणि ऑगस्टमध्ये भारताने हेच शस्त्र उपसले. समितीने मसुदा परिषदेकडे पाठवू नये आणि परिषदेने तो आमसभेकडे पाठवू नये, यासाठी अरुंधतीबाईंनी आपली संमती नाकारली, आणि महिन्याच्या २० तारखेपर्यंत जिनेव्हाचा मार्ग बंद झाला. तेव्हा ऑस्ट्रेलियाने तोच मसुदा आपल्या नावाने थेट न्यूयॉर्कला आमसभेत ठेवला, जेथे एकमत लागत नाही, बहुमत पुरते. १० सप्टेंबर रोजी मतदान झाले. बाजूने १५८, विरुद्ध तीन, तटस्थ पाच. विरुद्ध मत देणारे तीन म्हणजे भारत, भूतान आणि लीबिया. त्या दिवशी व्यासपीठावरून अरुंधतीबाईंनी सांगितले की, या विषम करारावर भारत आताही सही करणार नाही आणि पुढेही करणार नाही. भारतात या वाक्याने त्या घरोघर माहीत झाल्या. दोन आठवड्यांनी करार सह्यांसाठी खुला झाला आणि पहिली सही अध्यक्ष क्लिंटन यांनी केली, तीही १९६३ च्या करारावर सही करताना केनेडींनी वापरलेल्या लेखणीने. अमेरिकनांना अशा नाट्याची हौस मोठी.

आता मी थोडे अप्रिय बोलणार आहे, आणि ज्यांच्या स्मृतीला आपण आज वंदन करतो त्या गुरुजींना ते रुचले असते असे मानून बोलणार आहे. १५८ विरुद्ध तीन हा आकडा अभिमानाने सांगण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. त्यात अभिमान कसला? अलिप्त चळवळीतील ज्या राष्ट्रांचे पुढारीपण आपण चाळीस वर्षे मिरविले, त्यांतील बहुतेकांनी आपल्याविरुद्ध मत दिले. आणि पुढच्याच महिन्यात सुरक्षा परिषदेच्या अस्थायी जागेसाठी जपानशी सामना झाला तेव्हा भारताला ४० मते पडली आणि जपानला १४२. या पराभवाची कारणे अनेक होती. तथापि सप्टेंबरातील एकाकीपणाची सावली त्यावर नव्हती असे कोणी म्हणेल तर ते मला पटणार नाही. नकार योग्य होता. पण नकाराची जी किंमत पडते ती हिशेबाच्या वहीत लिहून ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट 'पुढेही नाही' या दोन शब्दांविषयी. वकिलाने आजच्या धन्याचा निरोप द्यावा. उद्याच्या धन्याचे हात बांधू नयेत. मे १९९८ मध्ये पोखरणला पाच चाचण्या झाल्या, वाजपेयींनी आपण होऊन पुढील चाचण्या स्थगित केल्याचे जाहीर केले, आणि सप्टेंबर १९९८ मध्ये त्याच आमसभेत उभे राहून त्यांनी सांगितले की, करार अमलात येण्यास भारतामुळे सप्टेंबर १९९९ पलीकडे विलंब होऊ नये अशा रीतीने बोलणी यशस्वीपणे शेवटास नेण्याची आमची तयारी आहे. दोन वर्षांत 'पुढेही नाही' चे 'कदाचित' झाले. हे धोरणाचे वळण होते आणि ते समजण्यासारखे आहे. अरुंधतीबाईंना ते वाक्य म्हणण्याचा अधिकार दिल्लीने दिला होता हे उघड आहे, तेव्हा दोष एकट्या वकिलाच्या माथी मारता येत नाही. पण जिनेव्हातील २० जूनचे भाषण आणि न्यूयॉर्कमधील सप्टेंबरचे वाक्य यांत मला पहिले अधिक मोलाचे वाटते ते याच कारणाने. पहिल्यात कारण होते, दुसऱ्यात आवेश होता. लोकांना आवेश आठवतो.

वाजपेयींच्या तयारीची कसोटी पाहण्याची वेळ आली नाही. १३ ऑक्टोबर १९९९ रोजी अमेरिकेच्या सिनेटनेच करार ५१ विरुद्ध ४८ मतांनी फेटाळला. ज्यांच्या अध्यक्षांनी केनेडींच्या लेखणीने पहिली सही केली होती त्यांच्याच घरात ती नामंजूर झाली. चीनने सही केली, मान्यता दिली नाही. इजिप्त, इराण आणि इस्रायल यांचेही तसेच. पाकिस्तान आणि उत्तर कोरिया यांनी सहीच केली नाही. रशियाने २००० साली दिलेली मान्यता २०२३ मध्ये परत घेतली. भारताला दोरखंडाने बांधण्यासाठी जे कलम विणले त्यात विणकरच गुंतले, आणि सार्वभौमत्वाविषयी अरुंधतीबाई १९९६ मध्ये जे सांगत होत्या तेच कमीअधिक शब्दांत पुढे वॉशिंग्टनला आणि मॉस्कोलाही म्हणावे लागले.

अरुंधतीबाई १९९७ मध्ये निवृत्त झाल्या, त्यानंतर सहा वर्षे संघ लोकसेवा आयोगाच्या सदस्य होत्या, आणि निःशस्त्रीकरणाच्या बाबतीत राष्ट्रसंघाच्या महासचिवांना सल्ला देणाऱ्या मंडळावरही त्यांनी काम केले; म्हणजे ज्या संस्थेच्या व्यासपीठावरून त्यांनी नकार दिला तिनेच त्यांना पुढे सल्ल्यासाठी बोलाविले. पेशव्यांच्या वकिलांची पत्रे दफ्तरात दीडशे-दोनशे वर्षे पडून राहिली, आणि इतिहासकार सरदेसायांनी त्यांतील वेचे ४५ खंडांत छापले तेव्हा ती आपल्याला वाचता आली. आजच्या वकिलांचे खलिते केव्हा उघडतील ते सांगता येत नाही, पण जिनेव्हाच्या परिषदेतील भाषणे छापील इतिवृत्तात सर्वांना खुली आहेत, आणि येथे जे इतिहासाचे शिक्षक बसले आहेत त्यांना माझी विनंती आहे की, पोखरणचा धडा शिकविण्याच्या आधी २० जून १९९६ चे ते भाषण मुलांना मराठीत करून वाचून दाखवावे.

अरुंधतीबाई २५ जुलै २०१६ रोजी निवर्तल्या. ४४ राष्ट्रांच्या त्या यादीत भारताचे नाव अजून आहे. त्यासमोर सही नाही, आणि करार अमलात आलेला नाही.